गुरांची बेगमी आणि आपले दूध

वैशाखाचे हे दिवस आपल्या कोकणात बेगमीचे असतात. आज येथे येताना वाटेवरच्या खळ्यांकडे ज्यांचे लक्ष गेले असेल, त्यांना हीच धांदल दिसली असेल. कोठे कोकमाची सोले उन्हात पसरली आहेत, कोठे कुळीथ वाळतो आहे, किनाऱ्याच्या अंगाला मासळी सुकते आहे. आकाशात एखादा वळवाचा ढग दिसला की घरातली लहानथोर माणसे धावत सुटतात. ओल राहिलेली वस्तू पावसाळ्याचे चार महिने टिकत नाही, हे आपल्याकडे कोणी पुस्तकातून शिकत नाही. ते आईच्या हाताखाली शिकतात.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो या बेगमीतूनच निघतो. फरक इतकाच की, ही माणसांची बेगमी नव्हे, गुरांची. आपले भात कणगीत किंवा मुडीत जपून जाते, सोले बरणीत जातात; पण गुरांच्या पेंडीचे पोते कोठे जाते? बहुधा पडवीच्या कोपऱ्यात, ओल्या जमिनीवर, भिंतीला टेकून. आणि त्या कोपऱ्यातून एक गोष्ट सरळ आपल्या मुलांच्या पेल्यात कशी येते, हे मी आपणांस सांगणार आहे.

दुधाविषयी आपली एक पक्की समजूत आहे. दूध तापवले की निर्धास्त झाले. ही समजूत बऱ्याच अंशी खरी आहे आणि तिने आपले फार भले केले आहे. क्षयाचे, विषमज्वराचे, माल्टा तापाचे जंतू दुधातून येऊ शकतात आणि ते उकळीत मरतात. जंतू हा जीव आहे. जिवाला उष्णता सोसत नाही. परंतु जो जीवच नाही, जो केवळ एक रासायनिक पदार्थ आहे, त्याला मारणार कसे? मिठाचे पाणी कितीही उकळले तरी खारटपणा जात नाही, तसेच हे. बुरशीने तयार केलेले एक विष असे आहे की दोनशे अंशांच्या पुढेही ते टिकते, आणि दूध तर शंभर अंशांच्या आसपासच उतू जाते. म्हणून चुलीवरच्या पातेल्यापाशी या विषाचा बंदोबस्त होत नाही. दुग्धशाळेतल्या पाश्चरीकरणानेही होत नाही. तो दुसरीकडे करावा लागतो.

या विषाची ओळख जगाला झाली ती एका अपघाताने. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाच्या पाळीव पक्ष्यांची पिले पटापट मरू लागली. बघता बघता एक लाखाहून अधिक पिले मेली. रोगाचे नाव कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स रोग’ म्हणू लागले. जंतू शोधले, ते सापडले नाहीत. शेवटी लक्ष गेले खाद्याकडे. या पक्ष्यांना ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा चारा घातला जात होता आणि त्या पेंडीला बुरशी लागलेली होती. ही बुरशी ॲस्परजिलस फ्लेव्हस. तिच्या नावाची अक्षरे जोडून विषाचे नाव पडले अफ्लाटॉक्सिन. अतिनील प्रकाशात धरले असता याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. त्यांच्या इंग्रजी रंगनामांवरून ‘बी’ आणि ‘जी’ अशी अक्षरे त्यांना मिळाली. त्यांत सर्वांत जहाल तो बी-१.

आता पुढचा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पक्षी मेले, पण हीच पेंड गाईंनाही घालतात. गाई मरत नाहीत, मग त्या विषाचे होते काय? १९६३ साली इंग्लंडमधल्या ऑलक्रॉफ्ट आणि कार्नाघन या संशोधकांनी आपले उत्तर प्रसिद्ध केले. विषारी पेंड खाणाऱ्या गाईंच्या दुधाचा अर्क त्यांनी बदकाच्या पिलांना दिला. पिलांच्या यकृतात तीच विकृती दिसली, जी पेंडीने होत असे. म्हणजे विष गाईच्या पोटात नाहीसे झाले नव्हते. ते रूप पालटून दुधात उतरले होते. दुधातल्या या रूपाला पुढे एम-१ हे नाव मिळाले. त्यातला ‘एम’ हा दुधाच्या इंग्रजी नावाचा.

हे रूपांतर होते यकृतात, आणि त्यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे. यकृत हा शरीराचा सफाई कामगार. चरबीत विरघळणारा परका पदार्थ आला की यकृत त्याला प्राणवायू जोडून पाण्यात विरघळणारा करते, म्हणजे तो मूत्रावाटे बाहेर टाकता येतो. बी-१ वर हीच क्रिया झाली की त्याचा एम-१ होतो आणि तो मूत्रात जातो. पण दुभत्या जनावराला बाहेर जाण्याची आणखी एक वाट असते. ती म्हणजे कास. जनावर आपल्या अंगातली घाण काढते आणि त्यातली थोडी आपल्या चरवीत येते. यात गाईचा काही दोष नाही.

याच सफाईत कधी कधी दुसरीही गोष्ट घडते. बी-१ ला प्राणवायू अशा जागी जोडला जातो की त्यातून एक अतिशय चिकट आणि चंचल पदार्थ निर्माण होतो. तो पेशीच्या केंद्रात शिरून जनुकांना चिकटतो. पेशीची लिखापढी बिघडते, आणि अशी बिघडलेली पेशी वर्षानुवर्षांनी कर्करोगाचे मूळ होऊ शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनांची गणना मनुष्याला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. दुधातला एम-१ हा बी-१ च्या मानाने सौम्य आहे; कर्करोग घडविण्याची त्याची शक्ती सुमारे एक दशांश मानतात. मात्र सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

या विषाने मोठ्या प्रमाणावर माणसे मेल्याचे उदाहरण आपल्या देशातच, आपल्या शेजारी घडले आहे. १९७४ च्या शेवटी गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतील आदिवासी खेड्यांत एकाएकी काविळीची साथ आली. त्या वर्षी मका कापणीला आला असता अवकाळी पाऊस झाला होता; कणसे भिजली, बुरशी चढली, आणि ज्यांच्या घरी दुसरे धान्य नव्हते त्यांनी तोच मका खाल्ला. गावातली कुत्रीही तशाच आजाराने मेली. ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी १०६ दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास करून त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन सापडल्याचे दाखविले. एकाच घरात एकाच ताटातले अन्न जेवणारी माणसे आजारी पडत होती. शेजारचे घर, जिथे मका नव्हता, ते बचावत होते.

मी ही हकीकत आपणांस घाबरविण्यासाठी सांगितली नाही. दुधातून अशी साथ येत नाही. दुधात हे विष फार थोडे असते आणि त्याचा धोका आहे तो रोजच्या रोज, वर्षानुवर्षे थोडेथोडे पोटात जाण्याचा. पण पंचमहालच्या त्या मक्यातून दोन गोष्टी आपण शिकाव्यात. एक, बुरशीचे मूळ ओलीत आहे. दुसरी, बुरशी लागलेले अन्न खाण्याची पाळी ज्याला पर्याय नाही त्याच्यावरच येते. माणसाने ते टाकायचे ठरविले की ते जाते गुराच्या दावणीत. आणि गुराला तर कधीच पर्याय नसतो.

आता प्रमाणाचा विचार करू, कारण प्रमाण कळल्याशिवाय भीती आणि काळजी यांतला भेद कळत नाही. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा कायद्याने दुधात एम-१ ची कमाल मर्यादा एका किलोस ०.५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेचीही तीच आहे. युरोपीय देशांनी मात्र तिच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे ०.०५, मर्यादा पाळली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दहा हजार लिटर दुधाचा एक टँकर डोळ्यांपुढे आणा. आपल्या मर्यादेनुसार त्या सबंध टँकरात हे विष फार तर ५ मिलिग्रॅम असावे. तांदळाच्या एका दाण्याचे वजन सुमारे २० मिलिग्रॅम धरले, तर एका दाण्याचा चौथा हिस्सा! इतक्या थोड्याची चिंता करावी लागते, यावरूनच या पदार्थाची शक्ती कळावी.

हे विष दुधात येते किती, याचाही हिशेब सोपा आहे. गाईच्या पोटात गेलेल्या बी-१ पैकी साधारण शंभरात एक-दोन भाग एम-१ होऊन दुधात येतात. भरपूर दूध देणाऱ्या गाईत त्याहून जास्तही येतात. समजा, दहा लिटर दूध देणारी एक संकरित गाय आहे आणि तिला रोज चार किलो खुराक लागतो. भारतीय मानकाप्रमाणे गुरांच्या तयार खाद्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत बी-१ चालते. म्हणजे तिच्या पोटात ८० गेले. त्यातले शंभरात दोन म्हणजे दीड-पावणेदोन मायक्रोग्रॅम दहा लिटरांत वाटले गेले, लिटरला ०.१६. हे मर्यादेच्या आत आहे. आता तीच पेंड ओल लागून बिघडली आणि किलोमागे १०० मायक्रोग्रॅम झाली असे धरा. पोटात गेले ४००, दुधात आले ८, लिटरला ०.८. मर्यादा ओलांडली. गाय तीच, गवळी तोच, पातेलेही तेच. बदलले ते फक्त पोते.

या हिशेबात एक दिलासाही दडलेला आहे. खराब खाद्य पोटात गेल्यावर एका दिवसाच्या आत विष दुधात दिसू लागते हे खरे. पण चांगले खाद्य सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. एवढ्या लवकर सुधारणारे दुसरे दूषण मला तरी ठाऊक नाही.

आपल्या देशात हे किती आढळते? भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरच्या शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. निष्कर्ष २०१९ साली जाहीर झाले. पाणी आणि भेसळ यांचीच चर्चा आपल्याकडे अधिक होते. पण आरोग्याला अपायकारक भेसळ सापडली ती अवघ्या १२ नमुन्यांत, आणि एम-१ मर्यादेपेक्षा जास्त सापडले ते ३६८ नमुन्यांत. शेकडा ५.७. त्यांतही एक गोष्ट पुष्कळांना चकित करील. हे ३६८ नमुने सारे गवळ्याच्या चरवीतले नव्हते; त्यांतले २२७ प्रक्रिया केलेल्या दुधाचे होते आणि १४१ कच्च्या दुधाचे. म्हणजे छापील पिशवीतले दूध म्हणून ते या विषापासून सुरक्षित, असे नाही. यंत्र जंतू मारते, पिशवी धूळ अडवते. गाईने काय खाल्ले हे दोघांनाही विचारता येत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ही बुरशी कोणत्या हवेत फोफावते? पंचवीस ते पस्तीस अंश उष्णता, आणि हवेत शंभरी ऐंशीहून जास्त दमटपणा. जणू कोणी मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या पावसाळ्याचेच वर्णन केले आहे! आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरते, चामड्याच्या वहाणांवर चार दिवसांत बुरशी उमटते. त्याच हवेत पेंडीचे पोते उघडे पडलेले असते. शिवाय आपल्याकडचा चारा म्हणजे भाताचा पेंढा. त्यात कस थोडा, म्हणून दुभत्या जनावराला खुराक म्हणून पेंड घालावीच लागते. सरकीची आणि भुईमुगाची पेंड बहुतेक घाटावरून येते. फोंड्याचा, आंबोलीचा घाट उतरून ती बाजारात येते, दुकानात राहते, मग घरी येते. वाटेत कोठे किती भिजली, हे पोते बोलून दाखवीत नाही. आपल्या वायंगणातला भुईमूग आणि आपल्या माडाचे खोबरेही याला अपवाद नाहीत. नीट न वाळलेल्या खोबऱ्याला हीच बुरशी लागते. खोबऱ्यातली ओल सहा टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत ते वाळायला हवे, आणि ढगाळ हवेत ते साधत नाही.

येथे घाण्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. खोबरे असो वा शेंगदाणा, घाण्यातून काढल्यावर तेल निराळे होते आणि पेंड निराळी. अफ्लाटॉक्सिनाचा मोठा हिस्सा जातो पेंडीत. म्हणजे ओले, काळवंडलेले, किडके दाणे घाण्यात घातले तर त्यांचा दोष तेलात फारसा दिसत नाही. तो पेंडीत साठतो. दाण्याचा वास जातो, रंग जातो, ओळख जाते, आणि विष राहते. म्हणून पेंड पाहून तिची परीक्षा होत नाही. बुरशी झटकून टाकली, पोते उन्हात घातले, तरी जे विष एकदा तयार झाले ते तसेच राहते. वाळवण्याने बुरशी व्हायची थांबते. झालेले विष जात नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरी घडलेली गोष्ट सांगतो. त्या बाईंचा सगळा प्रपंच एका म्हशीवर. श्रावणात पडवीचे कौल सरकले आणि पेंडीचे अर्धे पोते भिजले. दोन दिवसांनी पाहतात तो आत हिरवट-पिवळे गोळे. बाई ते पोते बाहेर ओढीत होत्या, तोच शेजारची म्हातारी म्हणाली, “टाकतंस कशाक? म्हशीक घाल. गोरवांक काय जाता?” म्हातारीचा हेतू चांगलाच होता. पोत्याला पैसे पडले होते आणि घरात दुसरे पोते नव्हते. बाईंनी ती पेंड पुढले आठ दिवस घातली. त्या आठ दिवसांतले अर्धे दूध रतिबाला गेले. उरलेले त्यांच्या घरच्या नातवाने प्यायले. त्याला काही झाले नाही, आणि होणारही नव्हते. आठ दिवसांनी काही होत नसते. परंतु दर पावसाळ्यात, दर घरात, “गोरवांक काय जाता?” हाच हिशेब चालला, तर तो मूल मोठे होईपर्यंत चालेल. गुराला फारसे काही होत नाही हे खरे आहे. होते ते त्याच्या दुधावर वाढणाऱ्याला.

मुलांचा उल्लेख मी मुद्दाम केला. मोठा माणूस दिवसाकाठी चहापुरते दूध घेतो. दोन वर्षांचे मूल आपल्या वजनाच्या मानाने त्याच्या कितीतरी पट दूध पिते, आणि त्याचे अन्नही पुष्कळ अंशी तेच असते. म्हणून दुधाची मर्यादा इतकी बारीक ठेवावी लागते. आणखी एक गोष्ट भगिनींनी ध्यानात घ्यावी. जो नियम गाईचा तोच आपला. बाळंतिणीने बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा धान्य खाल्ले तर तिच्या दुधातही हाच एम-१ उतरतो. अनेक देशांत तो मातांच्या दुधात आढळला आहे. म्हणून अंगावरचे दूध तोडू नये, ते बाळाचे अमृतच आहे. फक्त आईच्या ताटातले दाणे निवडलेले असावेत. खवट, आकसलेला, काळसर दाणा तोंडात आला तर संकोच न करता थुंकावा. भाजल्याने विष थोडे कमी होते, नाहीसे होत नाही.

यकृताला ज्यांच्या आधीच इजा झालेली असते त्यांना हे विष अधिक बाधते. विशेषतः ‘बी’ जातीच्या काविळीचा विषाणू ज्यांच्या अंगात ठाण मांडून बसला आहे, त्यांच्यात बी-१ ची कर्करोग घडविण्याची शक्ती सुमारे तीस पटींनी वाढते असे मानतात. म्हणून बाळाला जन्मल्याबरोबर या काविळीची लस टोचून घेणे हाही दुधातल्या विषावरचा एक उपाय आहे. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते.

घरोघरच्या गृहिणी आता विचारतील की, मग दही, तूप, पनीर यांचे काय? एम-१ दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाला धरून राहतो, लोण्याला नव्हे. म्हणून लोणी-तुपात तो फारच थोडा जातो. उलट दूध फाडून पनीर किंवा छेना केला, तर किलोमागे त्याचे प्रमाण दुधापेक्षा काही पटींनी जास्त भरते. खव्यात पाणी आटते, विष आटत नाही; म्हणून तेथेही ते दाट होते. दही लावल्याने ते फारसे हटत नाही. साखर घालून, वेलची घालून काहीच फरक पडत नाही. थोडक्यात, स्वयंपाकघरात याचा उपाय नाही. आणि म्हणूनच मी आपणांस पुन्हा पडवीत नेतो.

पडवीतले उपाय साधे आहेत. पोते जमिनीवर ठेवू नये. खाली फळ्या किंवा बांबूचा माच घालावा. भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. पावसाळ्यात एकदम दोन-तीन पोती आणण्यापेक्षा पंधरा दिवसांपुरती आणावी. दुकानदारालाही कोरडे पोते मागावे आणि गोळे झालेले असेल तर परत करावे. खुराक आदल्या रात्री भिजत घालून उरला तर तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. गव्हाणीच्या कोपऱ्यात चिकटून राहिलेला खुराक रोज धुऊन काढावा. भाताचा पेंढा कापणीनंतर नीट वाळवूनच उडवी रचावी, आणि उडवीच्या बुडाला ओल चढणार नाही अशी उंच जागा निवडावी. यांतले एकही काम असे नाही की जे आपण आपल्या भातासाठी करीत नाही.

आणि बिघडलेल्या पोत्याचे काय करावे? मघाच्या त्या बाईंना नुसते “टाका” म्हणणे सोपे आहे. पैसे त्यांचे गेले आहेत. पण पेंड हे उत्तम खतही आहे. बुरशी लागलेली पेंड माडाच्या आळ्यात मातीखाली पुरावी. जमिनीतले जंतू त्या विषाला हळूहळू मोडून टाकतात आणि माडाला नत्र मिळते. पुरताना तोंडाला फडके बांधावे, कारण बुरशीची धूळ श्वासात जाणे चांगले नव्हे. अर्धे पोते दुधात गेले नाही, माडाला गेले. पुरता तोटा झाला असे नाही.

शहरात राहणारे आपण, ज्यांच्या दारी गाय नाही, त्यांचे कर्तव्य कोणते? एक तर दूध सोडू नका. ज्या मुलांना दुसरे कसदार अन्न थोडे मिळते, त्यांचे दूध तोडण्याने होणारे नुकसान या विषाच्या भीतीहून मोठे आहे. दुसरे म्हणजे प्रश्न विचारा. आपला गवळी असेल तर त्याला पेंड कोठे ठेवतो हे विचारा. हा प्रश्न रागाने न विचारता जिव्हाळ्याने विचारला तर तो दाखवील. आपले दूध संघाचे असेल, तर ते एम-१ साठी तपासतात का, हे पत्र लिहून विचारा. आज अशा पट्ट्या मिळतात की संकलन केंद्रावर काही मिनिटांत दुधाची परीक्षा होते. संशयित नमुना मग प्रयोगशाळेत पाठविता येतो. लॅक्टोमीटर पाण्याची चोरी पकडतो. हे विष त्याला दिसत नाही.

तिसरी गोष्ट थोडी कठीण आहे, पण बोलली पाहिजे. आज दुधाला भाव मिळतो तो स्निग्धांशावर आणि घनपदार्थांवर. कोरडी, निर्मळ पेंड घालणाऱ्या शेतकऱ्याला आणि भिजकी पेंड घालणाऱ्याला एकच दर मिळतो. मग महाग पेंड तो का घेईल? जोवर स्वच्छ चाऱ्याला भावात जागा नाही, तोवर आपण त्याच्याकडून केवळ सद्भावनेची अपेक्षा करीत आहोत. संघांनी गावोगावच्या सभासदांना पोती ठेवण्यासाठी माच करून दिले, पेंडीचे नमुने तपासून दिले, पावसाळ्यात खाद्यात विष धरून ठेवणारी विशिष्ट मातीची पूड मिसळण्याची सोय केली, तर त्याचा खर्च फार होणार नाही. ही माती आतड्यात विषाला चिकटून ते रक्तात जाऊ देत नाही. दुधातले प्रमाण त्यामुळे कमी होते. ते ग्राहकांनी मागितले पाहिजे. भेसळीविरुद्ध आपण जितक्या जोराने बोलतो, त्याच्या निम्म्या जोराने पेंडीविषयी बोललो तरी पुष्कळ होईल.

श्रोतेहो, आणखी दोन-तीन आठवड्यांत मृग लागेल. आपण घरी जाल तेव्हा माळ्यावरच्या सोलांच्या बरणीचे झाकण घट्ट आहे ना, ते पाहालच. त्याच वेळी दिवा घेऊन पडवीतही एक फेरी मारा. ज्यांच्या घरी गुरे नाहीत त्यांनी उद्या सकाळी दूध घालायला येणाऱ्याशी दोन शब्द बोलावे. पोते जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायला दोन माणसे आणि पाच मिनिटे लागतात. इतके झाले तरी आजचे माझे बोलणे फुकट गेले नाही असे मी समजेन.